काकाजींची दुसरी अट

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मोठ्या भावालाही नाही. काकाजींनी मला समोर बसवून सरळ विचारलं होतं, "बाबू, यात तू काई मारलं का?" आणि मी "नाही" म्हणालो होतो. मी मारलं होतं. मुंग्या मारल्या होत्या. साध्या काळ्या मुंग्या, साखरेच्या डब्याला लागतात त्या. ज्याला हसू येईल त्याने हसून घ्यावं. मला नऊ वर्षांत आलेलं नाही.

नुसतं "नाही" म्हणून थांबलो असतो तरी आज एवढं जड झालं नसतं. मी त्यापुढे आणखी एक वाक्य बोललो. ते सांगायचं तर आधी काकाजी सांगावे लागतील.

कारंज्यात कापसाच्या जुन्या पेठेकडून एसटी स्टँडकडे येणाऱ्या गल्लीत त्यांचं घर आहे. वर ते आणि काकी राहतात. खाली दोन गाळे, त्यातला एक माझा. दोन गाळ्यांच्या मधून वर जाणारा जिना, आणि जिन्याखालच्या बोळीत काकाजींचं टेबल. घराण्याची पिढीजात अडत होती. काकाजींनाही तरुणपणी गादीवर बसवून पाहिलं होतं. त्यांनी ऐन कापसाच्या दिवसांत दुकानाचा मोठा काटा उघडून ठेवला. बाहेर गाड्यांची रांग आणि हे आत काट्याचे भाग गोणपाटावर मांडून बसलेले. मोठे भाऊ म्हणाले, "तू घरीच बस, तुयाशिवाय धंदा चांगला होते." काकाजी घरी बसले, ते कायमचे. त्यांना याचा राग नव्हता. "काट्यात कचरा होता न," एवढंच म्हणायचे. "मंग काय करू? झाकून ठेवू?"

लोक त्यांच्याकडे रेडिओ, पंखे, मिक्सर, इस्त्र्या, शिलाई मशीन, गजराची घड्याळं घेऊन यायचे. पांढरा पायजमा, बिनबाह्यांची बंडी, आणि गळ्यात दोरीला बांधलेलं घड्याळजीचं भिंग. दुसऱ्या माणसाच्या खिशाला पेन असतो, तसा यांच्या खिशाला दाढीचा एक जुना ब्रश असायचा. त्याचा दाढीशी काही संबंध नव्हता. यंत्र उघडलं की पहिल्यांदा आत जायचा तो ब्रश. कुणी राहत असेल तर त्याला बाहेर काढायला.

मी मानोऱ्याकडच्या खेड्यातून आलो तेव्हा टायपिंग, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायला गाळा शोधत होतो. काकाजी एका पंख्याचं पोट उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "गाळा देतो. दोन अटी हायेत. पहिली, या छपराखाली कोनतीबी चीज मले दाखवल्याबिगर फेकाची नाई. दुसरी, इथं काई मारायचं नाई."

"मारायचं म्हणजे?"

"मंजे मारायचं नाई. मच्छर, मुंगी, झुरळ, पाल. फवारा आनायचा नाई, थे करंटची बॅट आनायची नाई, थो चिकट पुठ्ठाबी नाई."

"मंग झुरळं झाले तं, काकाजी?"

"मले आवाज दे."

मला वाटलं, गंमत करतायत. हसून हो म्हणालो. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "चौकटीले हात लावून सांग."

"देवाची शपथ घेतो न."

"देवाले कायले मधात आनतं? दुकान तुले करायचं हाय, देवाले नाई. चौकटीले हात लाव."

मी लाकडाच्या चौकटीला हात लावला आणि हो म्हणालो. चौकट अजून तीच आहे. रोज सकाळी कुलूप काढताना तिला हात लागतो.

आणि आवाज दिला की ते खरंच यायचे. स्टीलचा गिलास आणि एक जुनं पोस्टकार्ड घेऊन. झुरळावर गिलास पालथा घालायचे, खालून पोस्टकार्ड सरकवायचे आणि समोरच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडायचे. "जाय बाप्पा, तिकडे भर पोट." दुकानातली गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवून हसायची. तेच झुरळ परत आलं असं कुणी म्हणालं, तर म्हणायचे, "मंग त्याले इथलं मानवलं असन."

त्यांच्या कामाला वेळ लागायचा. एकदा जऊळक्याकडचा एक आचारी त्याचा मोठा मिक्सर घेऊन आला. दुसऱ्या दिवशी लग्न. काकाजींनी मिक्सर कानाला लावला, पालथा केला आणि खाली ठेवून दिला. "आत पाल हाय. निघू दे तिले."

"कवा निघन?"

"तिले विचार."

आचारी संध्याकाळपर्यंत बोळीत बसला. पाल निघाली नाही. शेवटी काकुळतीला आला. "काकाजी, उद्या पाचशे पान हाय. चटनी कशात वाटू?"

"पाट्यावर वाट. पाट्यात पाल जात नाई."

वरून काकींचा आवाज आला, "घरातला मिक्सर तीन वरसांपासून पोट फाडून पडेल हाय, थो कवा जोडसान?" काकाजी मला हळूच म्हणाले, "त्यात कोनी नाई, म्हनून घाई नाई." पाल दुसऱ्या दिवशी पहाटे निघाली. मिक्सर दुरुस्त झाला तेव्हा वरात पोचली होती.

त्यांची एक पद्धत मी फार मागून उचलली. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यायचे, त्यावर पेन्सिलीने त्या यंत्राचा आकार काढायचे, आणि निघालेला प्रत्येक पेच पुठ्ठ्यावर त्याच्याच जागी टोचून ठेवायचे. सगळे पेच दिसायला सारखे असले तरी. मी म्हणालो, "कोनताही कुठंही बसते न." म्हणाले, "बसते. पन ज्याच्या जागी तो बसला त्याचं काय?" आणि एक बोलणं तर दिवसातून दोनदा व्हायचं. कुणी वस्तू टेबलावर ठेवत "हे मेलं बा, काकाजी" म्हणाला, की ते पेचकस शोधत म्हणायचे, "उघडल्याबिगर मेलं म्हनू नये."

आता तो कीबोर्ड. काकाजी त्याला बोर्ड म्हणायचे.

दुकान उघडलं त्या दिवशी त्यांनीच तो मला आणून दिला होता. कुठल्यातरी कचेरीच्या भंगारातून उचललेला, वजनदार, खाली लोखंडी पत्रा, गोल पिनेची वायर. मूळचा पांढरा रंग सायीसारखा पिवळट झालेला. मी त्यावर मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावल्या. दोन-तीन वर्षांत त्या गेल्या. मग खालची इंग्रजी अक्षरंही पुसली गेली. मधल्या रांगेतली बटणं तर गोट्यासारखी गुळगुळीत झाली, आणि लांब पट्टीवर माझा उजवा अंगठा जिथे पडायचा तिथे एक चकचकीत खळगा पडला. गिऱ्हाइकं म्हणायची, "भाऊ, याच्यावर तं काई लिहेलच नाई, तुमाले कसं समजते?" मला त्याचा अभिमान होता. काकाजींनी तो चार-पाचदा उघडून पुसून दिला होता. कपाटात एक नवा कीबोर्ड खोक्यातल्या खोक्यात पडून होता. हाताला हलका लागायचा म्हणून मी तो वापरत नव्हतो.

काकाजी जैन. भादव्यात त्यांचं दशलक्षण पर्व असतं. दहा दिवस. काकाजी त्या दिवसांत एकदाच जेवायचे आणि सकाळची पूजा सोडायचे नाहीत. पर्वाच्या आदल्या दिवशी माझं एंटरचं बटण चिकटायला लागलं. काकाजींना मंदिरात तयारीला जायचं होतं. त्यांनी बोर्डाचा एकच कोपरा उचकटला, काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटमध्ये बुडवला, आत फिरवला आणि झाकण दाबून बसवलं. "पुरा नंतर उघडू," म्हणाले. मी त्यांना घाई करताना तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी भरतीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. सकाळपासून दुकानात उभं राहायला जागा नाही. साइट अडकत होती, लोक माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होते. समोर मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची एक बाई तिच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी शिकलेली, बाईला फक्त तारीख माहीत होती. दर दोन मिनिटांनी विचारायची, "भाऊ, आजच हाय न शेवट?" मी नाव टाइप करायला लागलो तर बोर्ड आपल्या मनाने अक्षरं ओढायला लागला. पुसलं, परत तेच. बटणांच्या फटीतून मुंग्या निघाल्या आणि माझ्या बोटांवर चढल्या. एक नखाच्या कडेला चावली. मी हात झटकला. मागून कोणीतरी म्हणालं, "भाऊ, तुमच्या बोर्डात वारूळ हाय का?" सगळी रांग हसली.

दिवसभर मी तिथेच बसून चहा प्यायचो, पारले बिस्किटं खायचो. मुंग्या माझ्याच होत्या म्हणायच्या.

काकाजी पूजेला गेलेले. तास-दीड तासात आले असते. मी थांबायला हवं होतं. ते जमत नव्हतं तर कपाटातला नवा कीबोर्ड काढायला हवा होता. पण त्या हसण्याने माझं डोकं फिरलं होतं. झेरॉक्सच्या कागदांच्या गठ्ठ्यामागे मी झुरळांसाठी फवाऱ्याचा एक डबा आणून लपवलेला होता. हो, दुसरी अट मी त्याआधीच मोडलेली होती. काकाजी बाहेर गेले की एखाद-दोनदा फवारला होता. तो डबा काढला आणि बटणांच्या फटीफटीतून नळी घालून मारला. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोर्ड पेपरवर उलटा करून आपटला. पेपर काळा झाला. मी तो गुंडाळून समोरच्या नालीत टाकून आलो.

बोर्ड बंद पडला. एकही बटण चालेना.

तेव्हा ती तांड्यावरची बाई म्हणाली, "भाऊ, दुसरा नाई का तुमच्यापाशी?"

होता. हाताच्या अंतरावर होता. मी खोकं फोडलं, नवा लावला, आणि तिच्या मुलीचा फॉर्म दहा मिनिटांत गेला. बाईने मला हात जोडले. त्या मुंग्या मारायची काहीही गरज नव्हती, आणि हे मला तिने विचारेपर्यंत सुचलं नव्हतं.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा काकाजी आले. दारातूनच नवा कीबोर्ड दिसला. "जुना कुठी हाय?"

"बंद पडला."

"दे इकडे."

"राहू द्या न काकाजी. लय जुना झाला आता."

"उघडल्याबिगर मेलं म्हनू नये," म्हणत त्यांनी तो काखेत मारला. पहिली अट त्यांच्या बाजूची होती, मी अडवू शकत नव्हतो. खिडकीतून त्यांचं टेबल दिसायचं. मी पाठ करून टाइप करत राहिलो आणि कान तिकडे. पुठ्ठ्याचा आवाज आला. पेच निघाल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या पेचाचा. झाकण सुटल्याचा कट्ट असा आवाज आला. मग काहीच आला नाही.  मी एकच ओळ तीनदा टाइप केली.

"बाबू, इकडे ये."

बटणांखाली रबराच्या छोट्या वाट्या असतात. त्यांच्या आडोशाला मुंग्या मरून पडल्या होत्या. ओळीच्या ओळी. आपटून निघाल्या त्या काहीच नव्हत्या. पांढरी अंडी प्लास्टिकला चिकटलेली, आणि काही मुंग्यांनी ती तोंडात धरलेली होती. काकाजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि ब्रशच्या एका केसाने एका मुंगीला हलकेच ढोसलं. थांबले. दुसरीला ढोसलं. थांबले. प्रत्येकीला वेळ देत होते.

मग मला समोरच्या स्टुलावर बसवून विचारलं, "बाबू, यात तू काई मारलं का?"

"नाही."

"वास कायचा येऊन राह्यला मंग?"

आणि मी म्हणालो, "तुमी थ्या दिवशी स्पिरिट टाकलं होतं न काकाजी. त्याचाच असन."

ते माझं वाक्य. कुणी मला सुचवलं नव्हतं. मी शांतपणे बोललो, टाइप करताना बोलतो तसा.

काकाजींनी चाळीस वर्षं स्पिरिट हाताळलं होतं. स्पिरिटचा वास आणि फवाऱ्याचा वास त्यांना वेगळा कळला नसेल का? मला सांगता येत नाही. त्यांना सर्दी झालेली असेल, किंवा मी त्यांच्याशी खोटं बोलेन हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. दुसरं खरं असेल तर मला जास्त भीती वाटते.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "पुरा उघडून पाह्यला नाई म्या. घाई केली. यायच्या घरात औषध ओतलं, आन् ढाकन लावून दिलं." हात धुऊन आले. पेच पुठ्ठ्यावरच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. पर्व संपायच्या आत त्यांनी मंदिरात जाऊन नियम घेतला, की जन्मात पुन्हा कोणतंही यंत्र उघडणार नाही.

तिसऱ्या दिवशी हत्यारांचा डबा घेऊन दुकानात आले. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा. त्यात पेचकस, चिमटे, भिंग आणि तो ब्रश. "ठेव तुयापाशी. ज्याले दिसत नाई त्यानं ढाकन लावू नये." बोर्डाचे सुटे भाग पेपरात बांधून आणले होते, आणि पेच टोचलेला पुठ्ठा वेगळा.

मी डबा घेतला. दोन्ही हातांनी घेतला.

ते काम करायचे तेव्हा मला वाटायचं, या माणसाला वेळ घालवायला काहीतरी लागतं. ते नसताना काय होतं ते मग पाहिलं. टेबल रिकामं. काकाजी त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. कुणी इस्त्री घेऊन आलं तर म्हणायचे, "आता नाई करत." का, विचारलं तर म्हणायचे, "जमत नाई." एवढंच. लोक यायचे थांबले. काकींनी घरातला तो वर्षानुवर्षं उघडा पडलेला मिक्सर भंगारवाल्याला दिला, काकाजींच्या समोरून. पहिली अट त्यांचीच होती, पण त्यांनी अडवलं नाही. मी दुकानातून पाहत होतो. भंगारवाला गेल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली.

एकदा काकींनी मला जिन्यात गाठलं. या बाईला मी इतकी वर्षं टोमणेच मारताना ऐकलं होतं. हळू आवाजात म्हणाल्या, "तू तरी सांग न त्यायले. तुयं आयकतीन. नियम मोडू नका म्हन, पन महाराजायले इचारून काई सूट भेटते का पाहा म्हन. एखादं घड्याळ तरी उघडा म्हन. मानूस बसून बसून सुकून राह्यला."

"सांगतो, काकी," म्हणालो.

काय सांगणार होतो? त्या नियमाला कुठल्याही महाराजांकडे जायची गरज नव्हती. माझ्या एका वाक्याने तो निरर्थक झाला असता. ते वाक्य घेऊन मी रोज त्यांच्यासमोरून ये-जा करत होतो. त्यांची खुर्ची बोळीत असायची, म्हणून दुकानात शिरताना "आलो काकाजी" म्हणावं लागायचं, आणि ते म्हणायचे, "ये बाबू." दिवसातून दोन-तीनदा. फवाऱ्याचा डबा मी त्याच आठवड्यात गावाबाहेर टाकून आलो. पुढे झुरळ निघालं की मीच गिलास आणि पोस्टकार्ड घ्यायला लागलो. गिऱ्हाइकं म्हणायची, "काकाजींचा चेला." मला ते ऐकवत नसे.

सगळ्यात वाईट दिवस वर्षातून एकदा येतो. पर्व संपल्यावर त्यांची क्षमावाणी असते. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखवलं असेल तर त्याची माफी मागायची. काकाजी धुतलेले कपडे घालून जिना उतरतात, माझ्या दुकानाच्या चौकटीत उभे राहतात आणि हात जोडतात. "उत्तम क्षमा, बाबू." मग जरा थांबून, "तुया बोर्डाचीबी राह्यली माझ्याकडून."

मी उठून हात जोडतो. "माझ्याकडूनही, काकाजी."

नऊ वर्षं तेवढंच. ज्याने माफी मागायची तो दरवर्षी देऊन मोकळा होतो. पहिल्या वर्षी त्या रात्री जेवण गेलं नाही. नंतरच्या वर्षांत गेलं, हेही लिहून ठेवतो.

काकाजींची नजर आता फार गेली आहे. एका डोळ्याचं काही होणार नाही, असं डॉक्टरांनी गेल्या महिन्यात सांगितलं. ते ऐकल्यावर माझ्या मनाने उचल खाल्ली, की बोर्ड दुरुस्त करावा, तो घेऊन वर जावं आणि चालू बोर्ड हातात असताना बोलून टाकावं. रिकाम्या हाताने जायची हिंमत नव्हती, म्हणून हे सुचलं असेल. एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. मी पेपराचं बोचकं सोडलं. पुठ्ठ्यावरची पेन्सिलीची रेघ फिकट झालेली, पेच मात्र जागच्या जागी. त्यांचा डबा उघडला आणि पत्र्याच्या बाजूचे दोन पेच अजून बसलेले होते, ते सोडवायला घेतले.

बाहेर काठीचा आवाज आला. "काय उघडून राह्यला, बाबू?"

पेचकसाचा आवाज त्यांनी वरून ओळखला होता. मी खोटं बोलू शकलो असतो. "बोर्ड," म्हणालो.

ते आत आले, चाचपडत स्टुलावर बसले आणि हात मांड्यांखाली घातले. नियम मोडायला नको. "आडवा ठेव. वायरीकडची बाजू तुयाकडे. लहान पेचकस घे, पिवळ्या मुठीचा." मी करत गेलो. पेच थोडा फिरला की आवाजावरून म्हणायचे, "बस, आता बोटानं." मी इतक्या वर्षांत त्यांचा आवाज एवढा मोकळा ऐकला नव्हता. पत्रा सुटला तेव्हा म्हणाले, "थांब. पहिले पाह्य. कोनी हाय का आत?"

मी पाहिलं. पत्र्याच्या कडेला, जिथे त्या दिवशी त्यांचा ब्रश पोचला नव्हता, तिथे पाच-सात मुंग्या होत्या. वाळून तांबूस झालेल्या. एकीच्या तोंडात अंड्याचं टरफल.

"कोनी नाई, काकाजी," म्हणालो.

जिवंत कोणी नव्हतं, असं मी मनात म्हटलं. ते त्यांना दिसत नव्हतं हेही मला माहीत होतं.

"मंग आता थे प्लास्टिकची पन्नी हाय न, तिची शेपटी जिथं पट्टीखाली दाबेल हाय, तिथं पाह्य. काळं पडलं असन."

पडलं होतं. त्यांनी सांगितलं तसं मी खोडरबराने ती शेपटी हळूहळू पुसली, कापसाने कोरडी केली, पट्टी परत आवळली. ज्या पेचाची जी जागा, तिथे तो पेच. गोल पिनेची वायर लागेल असा एक जुना कॉम्प्युटर मी कोपऱ्यात ठेवलेला आहे. त्याला जोडला. लांब पट्टी जरा अडते, पण बाकी सगळी बटणं चालली.

"चालला," म्हणालो.

काकाजी हसले. तोंडात दात थोडे राहिलेत. "उघडाचा नियम हाय, दाबाचा नाई," म्हणत त्यांनी एक हात बाहेर काढला, बोर्डावर ठेवला आणि सापडलं ते बटण दाबून धरलं. स्क्रीनवर एकाच अक्षराची रांग धावत गेली, खालची ओळ, मग त्याखालची. ते डोळे बारीक करून त्या हालचालीकडे पाहत राहिले. बोट उचलेचनात.

"पाह्य, कसं पळून राह्यलं," म्हणाले. आणि मग, आवाज खाली आणून, "थ्या दिवशी म्या पुरा उघडून पाह्यला असता तं..."

"काकाजी," मी म्हणालो.

"काय?"

वरून काकींनी हाक मारली, "दिवस बुडून राह्यला, जेवून घ्या." दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण असतं. ते काठी शोधत उठले. "मंग सांगजो," म्हणाले. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं.

काकींनी हाक मारली म्हणून राहिलं, असं मी स्वतःला दोन दिवस सांगितलं. ती हाक आली नसती तरी मी लाइटच्या मीटरबद्दल काहीतरी बोललो असतो.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं नाही. त्यांना आता वाचता येत नाही, आणि मी हे त्यांना वाचून दाखवणार नाही. भादवा जवळ आला आहे. क्षमावाणीला ते यंदाही काठी टेकत उतरतील, चौकटीत उभे राहून हात जोडतील. त्याआधी जिना मी चढायचा आहे. हत्यारांचा डबा घेऊन, ब्रशसकट, आणि त्यांच्यासमोर बसून एवढं बोलायचं आहे: "काकाजी, मुंग्या तुमच्या स्पिरिटनं नाई मेल्या. म्या मारल्या. आन् तुमच्यासंग खोटं बोललो."

ते वाक्य आणि तो डबा, दोन्ही मी त्यांचं देणं लागतो. आज हे लिहीपर्यंत दिलेलं नाही.